‘सांगता येत नाही’च्या चौकटीतली माणसं: जनमत चाचण्यांचे प्रश्न लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

कुठंही युद्ध सुरू झालं, किंवा नुसतं सुरू होणार अशी हवा झाली, की आठवड्याभरात तुमचा एक प्रश्न फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘आपण सैन्याच्या पाठीशी आहात की युद्धाला विरोध करणाऱ्या आंदोलकांच्या?’ रात्रीपर्यंत त्याचे आकडे पडद्यावर येतात. दुसऱ्या दिवशी सगळी भांडणं त्या आकड्यांवरून होतात. प्रश्न काय होता, तो तसा का विचारला, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी काही वर्षं सर्वेक्षणाचं काम केलंय. तुमच्यासारखी कचेरीत बसून प्रश्न लिहिणारी नव्हते, लिहिलेले प्रश्न घेऊन दारोदार जाणारी होते. या कामाचा पहिला नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात: प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. आपल्या शब्दांत समजावायचा नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा तसाच वाचायचा. हा नियम चांगला आहे आणि मी तो पाळला. ज्या दिवशी पाळायला नको होता त्या दिवशीही पाळला.

ते युद्धाच्या बातम्यांचे दिवस होते. दुपारी एका घराची बेल वाजवली. साठीच्या आसपासच्या बाईंनी दार उघडलं. हातात मोबाइल होता आणि त्याला चार्जरची वायर तशीच लोंबत होती. बेल ऐकून त्या मोबाइल चार्जरसकट भिंतीतून उपटून घेऊन आल्या असाव्यात. मुलगा सैन्यात, अकरा दिवस त्याचा फोन नव्हता. हे त्यांनी मला दारातच सांगितलं, मी काही विचारायच्या आधी. मग आत बसवलं, पाणी दिलं, आणि वय, शिक्षण, घरात माणसं किती, सगळी उत्तरं नीट दिली. मग तो प्रश्न आला. मी वाचला.

“परत वाच,” त्या म्हणाल्या. मी परत वाचला.

“माझा मुलगा तिकडं आहे. त्याच्या पाठीशी मी नाही तर कोण असणार? आणि हे थांबवा म्हणून कुणी रस्त्यावर आलं असेल तर मी त्यांना वाईट का म्हणू, बाळा? मलाही तेच पाहिजे.”

“काकू, यातलं एकच सांगायचंय.”

“मग प्रश्न चुकलाय तुझा.”

माझ्या कागदावर तीन आकडे होते. एक म्हणजे सैन्य, दोन म्हणजे आंदोलक, आठ म्हणजे ‘सांगता येत नाही’. मी आठवर गोल केला. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, काय लिहिलंस? मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला सांगता येतंय की. आत्ताच तर सांगितलं.”

मी आभार मानले आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. दिवसाला ठरलेल्या मुलाखती पूर्ण करायच्या होत्या.

अहवाल आला तेव्हा त्यात ‘अनिश्चित’ म्हणून एक टक्केवारी होती. ज्यांनी ती वाचली त्यांना वाटलं असेल, की इतक्या लोकांना मत नाही, किंवा ठाम भूमिका घ्यायची हिंमत नाही. त्या दिवशी मी ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांत ठाम मत त्या बाईंचं होतं. ते मी माझ्या हातानं पुसलं आणि तुम्ही मला त्यासाठी कागद दिला होता.

तुम्ही म्हणाल, एखाद्या घरावरून प्रश्न चुकीचा ठरत नाही. बरोबर आहे. मग तुमच्याच धंद्यातलं घेऊ. १९४१ साली डोनाल्ड रग या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो तुम्हाला अभ्यासक्रमातच शिकवला असेल. अमेरिकेत लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांबद्दल दोन सारख्या गटांना विचारलं. एका गटाला: अशा भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला: अशा भाषणांवर बंदी घालावी का? ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात व्यवहारात फरक काय? काहीच नाही. तरी एका शब्दानं सोळा टक्के माणसं इकडची तिकडं झाली. मग ‘सैन्य’ आणि ‘आंदोलक’ हे दोन शब्द एका वाक्यात आमनेसामने उभे केल्यावर काय होत असेल? एका बाजूला जिवावर उदार झालेला माणूस, दुसऱ्या बाजूला घोषणा देणारा. कोण कुणाला निवडणार हे प्रश्न छापला तेव्हाच ठरलेलं असतं. युद्ध योग्य आहे का, हा प्रश्न तर तिथं विचारलेलाच नसतो, पण उत्तर मात्र त्याचंच म्हणून वाचलं जातं.

खरं तर लोकांच्या डोक्यात या गोष्टी वेगवेगळ्या असतात, हे तुमचेच जुने आकडे सांगतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं १९६८ च्या निवडणूक अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या गटांबद्दल शून्य ते शंभर असं ‘तापमान’ द्यायला सांगितलं. शून्य म्हणजे अगदी नकोसे, शंभर म्हणजे फार जवळचे. व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणाऱ्यांना सुमारे एक तृतीयांश लोकांनी थेट शून्य दिलं. त्याच वर्षी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या चाचणीत निम्म्याहून अधिक लोक म्हणत होते, की व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती. म्हणजे युद्ध नको असलेली पुष्कळ माणसं युद्धविरोधी मोर्चावर चिडलेली होती. कुणाला त्यांचे कपडे आवडत नसतील, कुणाला केस, कुणाला भाषा, कुणाला त्यांनी जाळलेला झेंडा. पण युद्धाबद्दलचं मत त्यांनी या रागापासून वेगळं ठेवलं होतं. साध्या माणसाला हे जमतं. तुमच्या एका प्रश्नात मात्र ही दोन्ही मतं एकाच पोत्यात कोंबली जातात.

आणि कोंबल्यावर काय होतं तेही बघा. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनाच्या वेळी नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या, जवानांनी विद्यार्थ्यांवर तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. लगेच चाचणी झाली: दोष कुणाचा? ५८ टक्के म्हणाले विद्यार्थ्यांचा, ११ टक्के म्हणाले गार्डचा. मेलेल्या चौघांपैकी दोघं निदर्शनात नव्हतेच, आणि त्यातला एक जण सैनिकी अधिकारी व्हायच्या प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता. त्या मुलाला तुमच्या कुठल्या चौकटीत टाकायचं, सैन्याच्या की आंदोलकांच्या? गोळीला ते विचारायची गरज पडली नाही. पण मोजणाऱ्याला तरी पडायला हवी. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटलाय, तरी हा ५८ चा आकडा मला एकेका मोर्चाच्या बातमीखाली दिसतो. ‘यांनाच गोळ्या घाला’ म्हणून कुणी लिहितो, तेव्हा त्याला वाटत असतं की तो सैनिकांची बाजू घेतोय.

इराकचं उदाहरण जास्त स्पष्ट आहे. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा गॅलपला ही चूक आहे म्हणणारे अमेरिकी लोक २३ टक्के होते. एप्रिल २००८ पर्यंत ते ६३ टक्के झाले. त्याच काळात सैन्यावर भरवसा आहे का, या प्रश्नाला दहांतले साधारण सात ते आठ लोक होकार देत होते. युद्धाबद्दलचं मत उलटंपालटं झालं आणि सैनिकाबद्दलचा विश्वास बराचसा जागेवर राहिला. जी गोष्ट लाखो लोकांनी पाच वर्षं करून दाखवली ती करता येत नाही, असं तुमचा प्रश्न धरून चालतो.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल तर याचा, की या सगळ्या गदारोळात सैनिकाला कुणी विचारत नाही. त्याच्या नावानं बोलतात सगळे. ‘विरोधामुळं आमच्या जवानांचं मनोधैर्य खचतं’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. २००६ च्या सुरुवातीला झॉग्बी या संस्थेनं प्रत्यक्ष इराकमध्ये तैनात असलेल्या ९४४ अमेरिकी सैनिकांना विचारलं. त्यातले ७२ टक्के म्हणाले, वर्षभराच्या आत अमेरिकेनं इथून बाहेर पडावं. घरी बसलेले लोक ‘माघार’ हा शब्द उच्चारणाऱ्याला सैनिकांचा वैरी ठरवत होते, आणि तिकडं चारांतले जवळपास तीन सैनिक तोच शब्द म्हणत होते. पुढं २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटरनं माजी सैनिकांना विचारलं, तर ६४ टक्क्यांच्या मते इराक युद्ध करण्यासारखं नव्हतं. सर्वसामान्य लोकांत हेच मत ६२ टक्क्यांचं होतं. दोन टक्क्यांचा फरक! मग तुमच्या प्रश्नातले ते दोन तट नेमके कुठं आहेत?

कधी कधी दोन्ही बाजू एकाच अंगावरच्या गणवेशात असतात. सिगफ्रीड ससून हे ब्रिटिश अधिकारी पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले. जुलै १९१७ मध्ये त्यांनी, हे युद्ध ज्यांना थांबवता येतं तेच मुद्दाम लांबवताहेत, असं जाहीर निवेदन केलं. ते संसदेत वाचून दाखवलं गेलं. त्यांच्यावर खटला न भरता त्यांना मनाच्या आजारांच्या रुग्णालयात पाठवलं. आणि मग ते आपणहून आघाडीवर परतले, आपल्या माणसांकडं, आणि १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागून जखमी झाले. त्यांनी युद्धाबद्दलचा एक शब्दही मागं घेतला नव्हता.

२३ एप्रिल १९७१ चा वॉशिंग्टनमधला दिवस मी चित्रफितींत किती तरी वेळा पाहिलाय. संसदेच्या इमारतीसमोर लाकूड आणि तारेचं कुंपण घातलेलं. त्यापुढं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची रांग. एकेक जण माइकपाशी येतो. कुणी आपलं नाव सांगतो, कुणी मेलेल्या मित्राचं. मग छातीवरची किंवा खिशातली पदकं काढतो आणि कुंपणापलीकडं फेकतो. काही जणांचा हात फेकताना थबकतो. काही रडताहेत. काही कुबड्यांवर आहेत. शेकडो जणांनी त्या दिवशी पदकं टाकली. ती पदकं त्यांना फुकट मिळालेली नव्हती, म्हणून तर हात थबकत होता. यातल्या एखाद्याच्या दारात जाऊन मी तुमचा प्रश्न वाचला असता, तर त्यालाही आठच गोल करावा लागला असता.

आता ‘पाठीशी असणं’ या शब्दाकडं येते. तुम्ही तो इतक्या सहज वापरता, की त्याचा अर्थ काय घ्यायचा हे उत्तर देणाऱ्यावर सोडून देता. कुणाला वाटतं, सैनिकाबद्दल आदर. कुणाला वाटतं, सरकार म्हणेल ते मान्य. कुणाला वाटतं, आपलं माणूस सुखरूप परत यावं ही इच्छा. कुणाला वाटतं, आत्ता गप्प बसणं. चारही जण ‘हो’ म्हणतात आणि तुम्ही चारही हो एकत्र करून आलेखात एकच पट्टी उभी करता. मग सत्तेवर बसलेला कुणीही त्या पट्टीकडं बोट दाखवून सांगतो, बघा, लोक आमच्याबरोबर आहेत.

पाठीशी असण्याला खर्च असतो, तो विचारा ना कधी. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्या तळावर अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सैनिकांसमोर उभे होते. एका सैनिकानं उठून विचारलं, की आमच्या गाड्यांना चिलखत लावायला आम्हाला भंगारात पत्रे आणि काचा का धुंडाळाव्या लागतात? जमलेल्या सैनिकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो प्रश्न तयार करायला एका पत्रकारानं मदत केली होती यावरून नंतर बराच गहजब झाला. पण टाळ्या काही पत्रकारानं वाजवल्या नव्हत्या. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं छापलं, की वॉल्टर रीड या सैनिकी रुग्णालयाच्या आवारात जखमी सैनिक जिथं राहात होते तिथल्या भिंतींना बुरशी होती, उंदीर आणि झुरळं होती. रुग्णालयाच्या प्रमुखांना हटवलं गेलं, लष्कराचे सचिव फ्रान्सिस हार्वी यांना जावं लागलं. त्याच वर्षांत देशभर मोटारींवर ‘सैनिकांना पाठिंबा द्या’ अशा पिवळ्या फिती चिकटवलेल्या होत्या. त्या चिकटवणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, की जखमी सैनिकाच्या उपचारासाठी तुम्ही जास्त कर द्याल का.

भीतीबद्दल एक सांगायला हवं. मार्च २०२२ मध्ये रशियात कायदा झाला: सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. तिथं फोनवरून ‘तुमचा पाठिंबा आहे का’ विचारल्यावर जे उत्तर येतं ते मत आहे की दाराला लावलेली कडी? काही संशोधकांनी तिथं वेगळी रीत वापरली. निम्म्या लोकांना काही साध्या विषयांची यादी दिली, उरलेल्यांना त्याच यादीत युद्धाला पाठिंबा हा एक विषय वाढवून दिली, आणि फक्त विचारलं, यातल्या किती गोष्टी तुम्हाला मान्य आहेत? कुठल्या, ते सांगू नका. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकावरून पाठिंबा काढला, तर तो थेट विचारल्यापेक्षा कमी भरला. म्हणजे माणसाला जपून विचारायची विद्या तुमच्याकडं आहे. कायद्याची भीती नसते तिथंही शेजाऱ्याची असते, नातेवाइकांच्या ग्रुपची असते, नोकरीची असते. मी प्रश्न वाचत असताना लोक आधी उघड्या दाराकडं बघायचे आणि मग उत्तर द्यायचे, हे मी पाहिलंय.

आंदोलकांची सगळीच वागणूक मला पटते असं समजू नका. गणवेशातल्या साध्या शिपायाला, ज्यानं युद्ध ठरवलेलं नाही, रस्त्यात अडवून खुनी म्हणणारेही असतात. मला ते क्रूर वाटतं, आणि त्या बाईंच्या कानावर असलं काही पडू नये असंच मला वाटत आलंय. सैनिकांच्या घरच्यांना मोर्चा बघून पोटात कालवाकालव होत असेल, तर तीही खरी आहे. आपल्या मुलाचा जीव ज्यासाठी पणाला लागलाय ते कारणच चुकीचं आहे, हे ऐकून घेणं सोपं नाही. पण म्हणूनच प्रश्न नीट विचारायला हवा. दुखऱ्या जागी हात लावायचा तर तो धुऊन लावायचा असतो.

माझं मागणं फार मोठं नाही. एका प्रश्नाचे तीन करा. हे युद्ध योग्य आहे असं वाटतं का, हा एक. तिथं लढणाऱ्यांसाठी काय व्हावं असं वाटतं, चिलखत, उपचार, रजा, परत आणणं, जे असेल ते, हा दुसरा. युद्धाला विरोध करणाऱ्यांना शांतपणे बोलू द्यावं का, हा तिसरा. तिन्ही एकमेकांपासून लांब ठेवा, मध्ये दुसरे चार प्रश्न येऊ द्या. घरात कुणी सैन्यात आहे का, हे विचारा आणि त्यांचे आकडे वेगळे छापा. पहिल्या आठवड्याचा आकडा छापलात तर सहा महिन्यांनी त्याच जाडीच्या अक्षरात पुढचा छापा. आणि छापाल तेव्हा प्रश्न अख्खा छापा, खाली बारीक अक्षरात नको, पट्टीच्या डोक्यावर.

अजून एक, हे जे आत्ता दारोदार फिरताहेत त्यांच्यासाठी. ‘आठ’ या आकड्यापुढं दोन ओळी रिकाम्या सोडा. समोरचा माणूस काही बोलला तर ते त्याच्याच शब्दांत लिहायची मुभा त्या मुलामुलींना द्या, आणि कचेरीत कुणीतरी त्या ओळी वाचायला बसवा. वेळ लागेल, पैसे लागतील, ते मला माहीत आहे. काकू काय म्हणाल्या होत्या ते मला अजून शब्दन् शब्द आठवतंय, पण तुमच्या कागदपत्रांत ते कुठंच नाही.

आपली,
एके काळी तुमचे प्रश्न वाचून दाखवणारी